साडेचारचं ऊन

३ फेब्रुवारी

चिरंजीव भाऊस,

आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग. मागच्या पत्रात तू लिहिलंस, पश्चिमेच्या नव्या इमारतीचं अंतर मोजून कळव. अरे, मी जन्मभर बायकांच्या कपड्यांची मापं घेतली. इमारतीची घ्यायची सवय मला कुठून असणार? पण तू काढतोयस त्या आपल्या गावाच्या नकाशाचं घोडं माझ्यापाशी अडलंय म्हणालास, म्हणून काल दुपारी शिवणाचा टेप घेऊन बाहेर पडले. टेप टाकायचा, संपला की खडूने खूण करायची, पुढे सरकायचं. आपल्या मागच्या भिंतीपासून त्या इमारतीपर्यंत नऊ टेप भरले. तिसऱ्या टेपाला मुकादम शिट्टी फुंकत आला. म्हातारी वाकून काय शोधतेय ते त्याला कळेना. मी म्हटलं, इमारतीला कोट शिवायचाय. तो बिचारा टेपाचं दुसरं टोक धरून शेवटपर्यंत माझ्याबरोबर आला.

मजले सात. दोनदा मोजले, मान अजून दुखतेय. रंग शिळ्या चहाचा. पुढे मोठी पाटी लावलीय, तिच्यावर तळं, तळ्यात बदकं आणि काठावर हसणारी बाई. आपल्या नळाला सकाळी दोन तास पाणी, आणि यांच्या पाटीवर बदकं पोहतायत.

आपण खेळायचो ते मागचं मैदान असं गेलं. रस्त्यापलीकडची लाकडाची वखारही गेली, तिथे काचेची इमारत झाली. त्यामुळे पत्ता सांगायची पंचाईत. पूर्वी 'वखारीसमोरचं घर' म्हटलं की काम व्हायचं. आता जुन्यांना वखार आठवते पण त्यांना माझ्याकडे काही शिवायचं नसतं, आणि नव्यांना शिवायचं असतं पण वखार माहीत नसते. परवा एक बाई पाऊण तास माझ्याच घराभोवती फिरून कापड घेऊन परत गेली.

बिल्डर पुन्हा येऊन गेला. तो घरात बसल्यावरही काळा गॉगल काढत नाही, म्हणून सगळे त्याला गॉगलच म्हणतात. त्याच्या इमारतीला मोठ्या रस्त्यावर यायला सरळ वाट नाही, मध्ये आपलं घर. म्हणतो, घर द्या, तिथे फाटक करतो, बदल्यात इमारतीत तीन खोल्या घ्या. मी चहा पाजला आणि वाटेला लावला. घर बाबांनी माझ्या नावावर केलं असलं तरी वरची खोली तुझी, आणि तू परत येणार म्हणालायस, हे मी विसरलेले नाही. तुझं नकाशांचं टेबल आठवड्यातून एकदा पुसते.

पाय मुरगळला होता तो बरा झाला का? फोनवर तुझ्या लेकीला विचारलं, तर मला नुसती खरखर ऐकू आली. तेव्हा पत्रात लिही.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. लिहिला म्हणजे घातला असं समज, घालून दाखवायला सांगू नकोस.

तुझे नऊ टेप मिळाले. एक टेप पाच फुटांचा, म्हणजे पंचेचाळीस फूट. टेप प्रत्येक वेळी ताणून धरला होतास की कापडावर धरतेस तसा सैल, ते कळव. 'शिळ्या चहाचा रंग' ही माहिती नकाशात कुठे घालू? छत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात रस्त्यांचे नकाशे काढले, पण असा शेरा कुठल्याच सर्व्हेअरने दिला नव्हता.

नकाशा आता सहा कागदांचा झालाय. लेकीच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर डकवलाय. जावई म्हणतो, पाहुण्यांना वाटतं आपण लढाईची तयारी करतोय. माणसं प्रेमळ आहेत, मला काही कमी पडू देत नाहीत. पण ताई, खरं सांगू का, इथे कितीही दिवस राहिलो तरी मी जेवायचं ताट कुणाच्या तरी घरचं समजून उचलतो. माझं घर ते एकच. जिना चढून वरच्या खोलीत जायचं, खिडकी उघडायची आणि टेबलावर कागद पसरायचा, एवढं एकदा व्हावं अशी माझी इच्छा आहे. त्या अकरा पायऱ्या मी डोळे मिटून चढेन. उन्हाळ्यात येतोच.

सात मजले खरंच आहेत का, याबद्दल मला शंका आहे. मान वर करून मोजताना माणूस चुकतो. तू असं कर, मागच्या खोलीत तुझ्या मशीनवरून ऊन किती वाजता जातं ते बघून लिही. त्यावरून मी उंची काढतो. माणसाच्या मोजण्यात चूक होते, उन्हाच्या होत नाही.

पाय ठणठणीत. रोज सकाळी समोरच्या बागेला तीन फेऱ्या मारतो. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला डोक्याच्या बरोबर मधोमध चंद्राएवढं टक्कल पडलंय. दुसऱ्यांचे केस राखण्यात त्याचं स्वतःकडे दुर्लक्ष झालेलं दिसतं.

गॉगलला चहासुद्धा देत जाऊ नकोस.

तुझा भाऊ


५ मार्च

चिरंजीव भाऊस,

टेप ताणूनच धरला होता. सैल माप घेणारी असते तर गावातल्या निम्म्या बायका आज श्वास कोंडून फिरत असत्या किंवा खांद्यावरून बाह्या ओघळत. पुन्हा असलं विचारू नकोस.

ऊन दोन वाजता जातं. आठ दिवस घड्याळ समोर ठेवून पाहिलं. पूर्वी सहापर्यंत असायचं. काज करायची कामं मी मुद्दाम साडेचारला काढायचे, तेव्हाचं ऊन तिरकं येतं आणि सुईचं नेढं लख्ख दिसतं. आता दोननंतर दिवा लावावा लागतो. दिव्यात काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा म्हणजे नुसती आंधळी कोशिंबीर. परवा एका वकिलाच्या कोटाला काज बाहीच्या आतल्या बाजूने झालं. त्याने घालून बघितल्यावर मी म्हटलं, अशी नवी पद्धत आलीय. तो खूश होऊन गेला, पण मला दिवसभर चैन पडलं नाही.

आता शेजारी गॉगलची माणसं कुंपणाच्या भिंतीसाठी जमिनीत खांब ठोकतायत. दणका बसला की भांडी कपाटात आपापसात बोलतात. वरच्या खोलीच्या भिंतीला एक भेग पडलीय, केसाएवढी. काळजीचं काही नाही. मी तिच्यावर कॅलेंडर लावलंय.

गॉगल आला होता. चहा दिला नाही. पाणी दिलं.

ताई


१६ मार्च

तीर्थरूप ताईस, साष्टांग नमस्कार (मागच्या पत्रातली अट लागू).

दोन वाजता ऊन जात असेल तर इमारत सात मजली आहे, हे सिद्ध झालं. तुझं मोजणं बरोबर निघालं, अभिनंदन.

भेगेवर कॅलेंडर लावायचं नसतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाकायची, म्हणजे वाढतेय का ते कळतं. आणि एक नीट ऐक. मी येईपर्यंत त्या घराची एक वीटही हलता कामा नये. गॉगलच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. मला वचन दे.

उन्हाळ्यात मात्र जमेलसं दिसत नाही. गाड्यांना गर्दी असते, जावयालाही रजा नाही. पाऊस सरला की नक्की. तब्येत उत्तम, फेऱ्या चालू. काल बागेत वाऱ्याने एका बाईची छत्री उलटी झाली, आतून फुलाफुलांची आहे ते तेव्हा कळलं. बसथांब्याच्या छपरावर कुणाची तरी एक चप्पल पडलीय, डाव्या पायाची. आज चौथा दिवस, कुणी काढत नाही.

तुझा भाऊ


२२ जुलै

चिरंजीव भाऊस,

तुझी तीन पत्रं साठली, उत्तर एकाचंही गेलं नाही, रागावू नकोस. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर पडलं होतं. दीडशे शर्ट म्हणजे बटणं किती ते तूच मोज. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. तुझं टेबल पुसलेलं, खिडकी उघडी.

एक बदल कळवायचा राहिला. पत्ता बदललाय. म्हणजे घर तेच, पण नगरपालिकेने सगळ्यांना नवे नंबर दिलेत. आपला आता चारशे तीन. कारण विचारू नकोस, त्यांचं डोकं कसं चालतं ते त्यांनाच ठाऊक. पाकिटावर तेवढं घालत जा.

बाकी आता पाणी दिवसभर असतं. डास अजिबात नाहीत. वारा इतका की कापलेल्या कागदांवर कात्री ठेवावी लागते. साडेचारला मशीनवर छान ऊन येतं, पुन्हा पूर्वीसारखी काजं करायला बसते. एकूण मजेत आहे. जरा दम लागतो, तो वयाचा.

तू इकडे यायची घाई करू नकोस. सावकाश ये. आधी कळव.

ताई


३ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. चार महिने तुझं पत्र नाही म्हणून मी लेकीला दर दोन दिवसांनी पोस्टात पिटाळत होतो. असं पुन्हा करू नकोस.

नव्या नंबराने माझी झोप उडवलीय. आपल्या गल्लीत चौदा घरं. चौदाव्या घराला फार तर चौदा नंबर मिळेल. चारशे तीन यायला मधली तीनशे एकोणनव्वद घरं नगरपालिकेने कुठे ठेवली? माझ्या नकाशात तेवढी जागा नाही. शेवटी मी असं धरलंय की त्यांनी घरांऐवजी खिडक्या मोजल्या असाव्यात. डास नाहीत म्हणतेस, त्यावरून उघडं गटार बुजवलेलं दिसतं. मी नकाशात 'गटार बंद' अशी नोंद केली.

पण ऊन. ताई, मार्चमध्ये तू लिहिलंस ऊन दोनला जातं. आता लिहितेस साडेचारला येतं. पश्चिमेला सात मजली इमारत उभी असताना पंचेचाळीस फुटांवरच्या तळमजल्यात साडेचारला ऊन येऊच शकत नाही. मी तीन वेळा आकृती काढली. पेन्सिलीची टोकं संपली पण ऊन काही आत येईना. एकतर गॉगलने वरचे पाच मजले काढून नेले, नाहीतर इमारतीला मधोमध भोक आहे. कृपया खिडकीत जाऊन भोक आहे का ते बघ.

फेऱ्या चालू. न्हाव्याचं टक्कल वाढतंय. चप्पल अजून छपरावरच आहे.

तुझा भाऊ


१४ ऑगस्ट

चिरंजीव भाऊस,

भोक नाही. मजले सातच्या सात आहेत. तुझी आकृतीही बरोबर असेल, मला त्यातलं काय कळतंय? पण ऊन येतं ते येतं. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, वखारीच्या जागी काचेची इमारत झालीय ना, तिच्यावर ऊन पडून उलट आपल्या घरात येत असणार. आरशाचा कवडसा पडतो तसं. झालं समाधान?

आणि तुला तिकडे दुसरा काही उद्योग नाही का? बागेत फिरतोस तर चार माणसांशी ओळख काढ. माझ्या उन्हाच्या मागे का लागलायस?

ताई


२९ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,

कवडसा. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? तुझ्या पत्रानंतर लेकीचा हातआरसा घेऊन टेबलावर खोक्यांच्या इमारती मांडल्या आणि दिवा धरला. ऊन खरोखर येतं. तू हुशार आहेस हे बाबा म्हणायचे ते खोटं नव्हतं.

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मोठ्या काचेचा झोत समोरच्या घरात पडणं धोक्याचं आहे. लाकूड तापतं, कापड तर पेटूसुद्धा शकतं, आणि तू कापडाच्या ढिगात बसलेली असतेस. तेव्हा मी तुझ्या वतीने नगरपालिकेकडे रीतसर तक्रार पाठवली आहे. सोबत तीन आकृत्या, शाईने काढलेल्या. त्यात आपलं घर, मागची सात मजली आणि समोरची काच, सगळं मापानुसार दाखवलंय. 'घर क्रमांक चारशे तीन इथे जागेवर येऊन प्रत्यक्ष तपासणी करावी' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. इंजिनियर येतील. त्यांना वरच्या खोलीतून सगळं नीट दिसेल, जिन्यावर डोकं आपटू नये म्हणून सांग.

मी लांब असलो तरी तुझ्यामागे कुणी आहे, एवढं तुला वाटावं म्हणून हे केलं.

तुझा भाऊ


२० सप्टेंबर

भाऊ,

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. पाचव्यांदा घेतलंय ते पुरं करणार.

इंजिनियर आला. धापा टाकत आला, कारण चार जिने चढून आला. चारशे तीन म्हणजे चौथ्या मजल्यावरची तिसरी जागा. मी त्या सात मजलीतच राहते, भाऊ. मे महिन्यापासून.

त्याने तुझ्या आकृत्या माझ्या मशीनवर पसरल्या आणि विचारलं, आजी, यात दाखवलंय ते घर कुठेय? मी त्याला जिन्याच्या खिडकीत नेलं आणि खाली बोट केलं. आता तिथे फाटक आहे. आपलं स्वयंपाकघर होतं तिथे वॉचमन खुर्ची टाकून बसतो. तो बराच वेळ एकदा आकृतीकडे आणि एकदा फाटकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, इतकं सुबक हातचं काम मी शिकत असताना शेवटचं पाहिलं होतं, हे कागद मी ठेवून घेऊ का? मला रडू आलं, ते त्याला तक्रारीचं वाटलं.

झालं ते असं. तू सांगितलंस तशी भेगेच्या टोकांना मी पेन्सिलीची खूण केली. खुणा करता करता पेन्सिल संपायला आली. मे महिन्यात एका दुपारी मी खाली काज करत होते, वरून आवाज आला आणि तुझ्या खोलीची मागची भिंत मैदानाच्या बाजूला पडली. शिवण उसवावी तशी, वरून खालपर्यंत. जिना हलायला लागला. मुकादम धावत आला. मी त्याला म्हटलं, मला राहू दे, आधी टेबल काढ. त्याने आणि दोन गवंड्यांनी दोर लावून ते उघड्या भिंतीतून खाली घेतलं. एक पाय खरवडलाय, बाकी शाबूत आहे.

आठ दिवस मी शेजारणीकडे राहिले. मग गॉगलच्या कागदावर सही केली. तुला वचन दिलं नव्हतं, पण तू मागितलं होतंस, ते लक्षात होतं. तुला कळवायला बसले की डोळ्यांपुढे यायचं, तू अकरा पायऱ्या डोळे मिटून चढतोयस आणि वर खोलीच नाही. हात पुढे जायचाच नाही. म्हणून मग नंबराची गोष्ट रचली. खिडक्या मोजल्या असतील असं तू लिहिलंस तेव्हा इतकी हसले, आणि मग इतकी लाज वाटली. मी चुकले. तुझं घर होतं, तुला न विचारता गेलं. काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

आता तुझी पाळी.

काल तुझी सगळी पत्रं काढून ओळीने वाचली. न्हाव्याच्या डोक्याच्या मधोमध टक्कल. छत्री उलटली तेव्हा आतली फुलं दिसली. सगळ्यांना छत्रीची आतली बाजू आधी दिसते, तुला बाहेरचीच दिसत होती. आणि बसथांब्याच्या छपरावरची चप्पल, ती डाव्या पायाची हेही तुला ठाऊक. अरे, मी आयुष्यभर माणसांसमोर उभी राहून मापं घेतली. रस्त्यावरून चालणाऱ्याला छपरावरची चप्पल दिसत नाही. तू एकतर आठ फूट वाढलायस, नाहीतर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून आहेस. आणि पत्रागणिक साष्टांगाला अटी कसल्या घालतोस? उन्हाळ्यात येतो, पाऊस सरल्यावर येतो. तुझ्या पायाला काय झालंय? लेकीच्या घराला लिफ्ट नाही हे मला माहीत आहे. खरं लिही. आता दोघांपैकी एकानेच खरं बोलायचं हे काही बरं नाही.

जाता जाता एक. आमची लिफ्ट जूनपासून बंद होती, विचारलं की गॉगल म्हणायचा पुढच्या सोमवारी. इंजिनियर धापा टाकत वर आला आणि त्याने पहिली नोंद लिफ्टचीच केली. त्याच्या मागोमाग आलेला गॉगल खाली पळत गेला, जाताना डोळ्यांवरचा काळा चष्मा पडला तरी थांबला नाही. त्याचे डोळे अगदी साधे आहेत. तीन दिवसांत लिफ्ट सुरू झाली. कवडशाची तक्रार मात्र निकालात काढली.

ताई


१ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर फार रागावलो. लेकीला म्हटलं, पाटीवर लिहून ठेव, मला बहीण नाही. ती म्हणाली, कुठल्या पाटीवर?

रबर घेऊन नकाशासमोर बसलो. आपल्या घरावर रबर ठेवलं आणि तासभर तसाच बसून राहिलो, हात चालेना. मग आठवलं, आमच्या ऑफिसात पाडलेली इमारत पुसत नसू, तुटक रेघेने दाखवत असू, म्हणजे इथे काय होतं ते पुढच्याला कळतं. तसं केलं. वरच्या खोलीची रेघ काढताना थोडं पाणी पडलं कागदावर, पण शाई पसरली नाही. आणि राग कधी गेला ते कळलं नाही. तू एकटी त्या पडक्या जिन्याखाली उभी राहून 'आधी टेबल काढ' म्हणालीस. यापुढे मी काय बोलणार?

आता माझं. जानेवारीत इथल्या जिन्यावर पडलो. पाय मुरगळला नव्हता, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायात जोर आला नाही. चाकाच्या खुर्चीत असतो. काठीला धरून खोलीभर चालतो, जिना मात्र चढवत नाही. नऊ महिने मी जमिनीला पाय लावलेला नाही. लेकीला शपथ घातली होती, ताईला सांगायचं नाही. जावई आणि शेजारी म्हणतात, खुर्चीसकट उचलून खाली नेतो. मी नाही म्हणतो. कपाट हलवावं तसं चार माणसांनी मला उचलायचं आणि फिरवून पुन्हा वर ठेवायचं, ते मला सोसत नाही. त्यापेक्षा खिडकी बरी.

ताई, मी त्या अकरा पायऱ्यांचा विचार करून करून थकलो होतो. घर तसंच ठेव म्हणून तुला दटावायचो आणि मनात म्हणायचो, ठेवलं तरी मी वर कसा जाणार? तुझं घर गेल्याचं वाचलं तेव्हा दुःख झालं आणि त्याच्या मागोमाग सुटल्यासारखं वाटलं. याची मला लाज वाटते, म्हणून तुला सांगतो.

काल जावयाला विचारलं, एकदाच खाली उतरवायचं असेल, परत वर चढवायचं नसेल, तर चालेल का? तो आधी हसला, मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती आत गेली आणि माझी बॅग बाहेर काढून पुसायला लागली. पुसताना दोनदा नाक ओढलं.

तुझ्या तीन खोल्यांत माझी कुठली, हे विचारायचा मला हक्क नाही. फक्त एवढं कळव, लिफ्टचं दार किती रुंद आहे?

साष्टांग नमस्कार. आता अट कशाची ते तुला ठाऊक आहेच.

तुझा भाऊ


९ ऑक्टोबर

चिरंजीव भाऊस,

लिफ्टचं दार बत्तीस इंच. टेप ताणून धरला होता. आतली लांबी पंचावन्न इंच. तुझ्या खुर्चीची बाहेरची रुंदी कळव, हात ठेवायच्या दांड्यांसकट. अडलं तर दार रुंद करून घेऊ. गॉगल आता माझा शब्द खाली पडू देत नाही, त्याला वाटतं माझा भाऊ कुणी मोठा अधिकारी आहे. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, तूही करू नकोस. मुकादम खाली उभा राहणार आहे. त्याला सांगितलंय, भावाला उचलायचं नाही, फक्त दार धरायचं.

पश्चिमेची खोली तुझी. टेबल खिडकीशी लावलंय, खरवडलेल्या पायाला मी कापड गुंडाळून शिवलंय. या खिडकीतून जुनं मैदान सोडून पुढचं सगळं दिसतं, थेट गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीपर्यंत. आता माझ्या टेपावर विसंबू नकोस, स्वतः बघून नकाशा काढ.

उशीर मात्र करू नकोस. खिडकीसमोरच्या मोकळ्या जमिनीवर कालपासून पत्रे ठोकायला लागलेत. पाटीवर या वेळी बदकं नाहीत, हंस आहेत. मजले अकरा.

साडेचारचं ऊन सगळं माझ्या मशीनवरच पडायचं, म्हणून मशीन बावीस इंच बाजूला सरकवलंय. अर्धं ऊन तुझ्या टेबलावर येतं. आहे तोवर ये.

ताई